‘देव बघेल’ म्हणजे नेमकं काय?

नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं भेटायला येतात. प्रार्थना होते, डोळे पुसले जातात आणि निघताना दारात कोणीतरी म्हणतं, “काळजी करू नका, देव पुरवील.” सगळे मान डोलावतात. दार लागतं. मग घरातल्या माणसाच्या मनात एक प्रश्न उरतो आणि तो त्याला मोठ्यानं विचारता येत नाही. पुरवील म्हणजे काय करील? कधी? पुढच्या महिन्याचं घरभाडं येईल, असं म्हणायचं आहे का? आणि नाही आलं तर?

एका दिवसात शेकडो माणसांना कामावरून काढल्याच्या बातम्या आता नेहमीच्या झाल्या आहेत. एखाद्या आजारात वर्षानुवर्षांची शिल्लक संपते, हेही आपण आजूबाजूला पाहतो. अशा वेळी विश्वासणाऱ्या माणसाला दोन ओझी वाहावी लागतात. एक पैशाचं आणि दुसरं ‘आपला भरवसा कमी पडतोय की काय’ या शंकेचं. दुसरं ओझं बऱ्याचदा चुकीच्या समजुतीतून येतं. त्यामुळे पवित्र शास्त्र ‘पुरवठा’ म्हणतं तेव्हा काय म्हणतं, ते सुरुवातीपासून पाहू.

आधी शब्द

ख्रिस्ती बोलण्यात ‘देवाचा पुरवठा’ म्हणजे देव आपल्या लेकरांच्या गरजा ओळखतो आणि भागवतो, हा विश्वास. धर्मशास्त्रात याला प्रॉव्हिडन्स म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘आधीच पाहणं’ असा आहे. पुरवण्याचा आणि पाहण्याचा काय संबंध, असं वाटेल. पण बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २२व्या अध्यायातही हेच दिसतं.

अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला घेऊन बळी अर्पण करायला मोरियाच्या डोंगराकडे चालला आहे. मुलगा विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, पण कोकरू कुठे? बाप उत्तर देतो, कोकरू देव पुरवील. इथं मूळ हिब्रूमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा साधा अर्थ ‘पाहणं’. शब्दाला शब्द ठेवला तर अब्राहाम म्हणतो, “देव बघेल.” पुढे झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो आणि त्या जागेला नाव पडतं याव्हे-यिरे, म्हणजे ‘परमेश्वर बघेल’. आपल्याकडे बरेच जण ‘यहोवा यिरे’ म्हणतात, तेच हे.

इतर भाषांतल्या वाचकांना हे समजावून सांगावं लागत असेल. मराठी माणसाला ते कानाला लगेच कळतं. “घरचं सगळं तीच बघते.” “म्हाताऱ्या वडिलांचं कोण बघतं?” इथं बघणं म्हणजे डोळ्यांनी पाहणं एवढंच नसतं. दुखलंखुपलं ओळखणं, वेळेवर औषध देणं, काय संपत आलंय ते लक्षात ठेवणं, हे सगळं त्या एका शब्दात येतं.

अब्राहामाच्याही आधी हे एका दासीनं ओळखलं होतं. हागार मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली, तेव्हा तिनं देवाला एक नाव दिलं: एल-रोई, मला पाहणारा देव. पुढे तिला मुलासह घराबाहेर काढलं जातं. रानात पखालीतलं पाणी संपतं. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. मग देव तिचे डोळे उघडतो आणि तिला एक विहीर दिसते. देवानं तिथं विहीर निर्माण केली असं शास्त्र म्हणत नाही. तिला ती दिसली, एवढंच लिहिलं आहे. आईला जे बघवत नव्हतं, ते कोणीतरी बघत होतं.

म्हणून ‘देव पुरवील’ या वाक्यात रक्कम नाही आणि तारीखही नाही. मी कोणाच्या तरी नजरेत आहे, माझं कोणीतरी बघतंय, हे त्यातलं पहिलं म्हणणं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

माप एका दिवसाचं

आता तो कसा पुरवतो, ते पाहू. निर्गमाच्या १६व्या अध्यायात मिसरमधून निघालेले इस्राएल लोक अरण्यात उपाशी आहेत. सकाळी जमिनीवर दहिवरासारखं काहीतरी बारीक पसरलेलं दिसतं. ते एकमेकांना विचारतात, हे काय आहे? हिब्रूत ‘मान हू?’ त्यावरूनच नाव पडलं मान्ना. प्रत्येक माणशी एक ओमर (धान्य मोजायचं एक माप) गोळा करायचा, असा नियम होता. कोणी जास्त वेचलं, कोणी कमी. मापून पाहिलं तेव्हा जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला कमी पडलं नाही. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवलं. सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचं आणि ते टिकायचं, कारण सातवा दिवस विसाव्याचा.

असं का? एकदम वर्षभराचं का नाही दिलं? बॅटरीवर चालणारं यंत्र आणि तारेला जोडलेलं यंत्र, यांत जो फरक आहे तो इथं आठवतो. बॅटरी भरली की यंत्र घेऊन कुठंही जाता येतं, भिंतीशी संबंध उरत नाही. तारेवरचं यंत्र जोडलेलं राहिलं तरच चालतं. कठीण दिवसांत आपल्या सगळ्यांनाच बॅटरी हवी असते, मलाही हवी असते. चाळीस वर्षं अरण्यात देवानं दिली ती तार.

प्रभू येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही हेच माप आहे. “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” यातल्या ‘रोजची’साठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘एपिऊसिओस’. हा शब्द इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं लिहिलं, विद्वानांच्याही लिखाणात तो नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही. तो शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच घडवला असावा. जेरोमनं लॅटिन भाषांतर करताना याच शब्दाला मत्तयात एक प्रतिशब्द वापरला आणि लूकमध्ये दुसरा. आजच्यापुरती, उद्याची, जगण्यासाठी लागणारी, असे वेगवेगळे अर्थ अभ्यासक सुचवतात. साठवणीची भाकर असा अर्थ मात्र कोणी काढत नाही. ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांत रोजंदारीवर राबणारे पुष्कळ असणार. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, असा मोशेच्या नियमशास्त्राचा हुकूमच होता, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रार्थनेत ‘माझी भाकर’ नाही, ‘आमची’ आहे. हिच्याकडे परत येऊ.

ओहळ आटतो तेव्हा

देव देतो ती वाट कायमची असते, असा एक समज आपल्या मनात घट्ट बसलेला असतो. एलीया संदेष्ट्याची गोष्ट तो मोडते. दुष्काळात देव त्याला करीथ ओहळाकाठी पाठवतो. कावळे सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणतात, पाणी ओहळाचं. काही दिवसांनी ओहळ आटतो, कारण देशात पाऊस नाही. लक्षात घ्या, हा दुष्काळ पडणार हे एलीयानंच जाहीर केलेलं होतं. देवाच्या सांगण्यावरून तो तिथं गेला होता, त्याचं काहीही चुकलं नव्हतं आणि तरीही ओहळ आटला.

वीस वर्षं ज्या कामावर घर चाललं ते काम असाच एक ओहळ असू शकतं. ते बंद झालं की देवानंच हात काढून घेतला, असं वाटतं. एलीयाला पुढचा पत्ता मिळाला तो ओहळ आटल्यावर, आधी नाही. मान्नाही कधीतरी थांबला. लोकांनी कनान देशातलं पीक खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून तो पडलाच नाही. तेव्हाही कोणाला तरी भीती वाटली असेल, असं मला नेहमी वाटतं. आजवर रोज सकाळी दाराशी येणारं ते आता येणार नव्हतं. आता नांगरायचं, पेरायचं आणि पावसाची वाट पाहायची होती. देणारा तोच होता, पद्धत बदलली होती.

कोणाच्या हातून?

एलीयाचा पुढचा पत्ता होता सारफथ. तिथं एक विधवा दोन काटक्या गोळा करत होती. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. ती आणि मुलगा तेवढं खाऊन मरणार, असं ती सांगते. अशा घरी देव आपल्या संदेष्ट्याला जेवायला पाठवतो. तिला संदेष्ट्याची गरज, संदेष्ट्याला तिची.

शास्त्रातला पुरवठा बहुतेक वेळा असाच कोणाच्या तरी हातातून येतो. पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पण येशूनं भाकरी मोडल्या आणि शिष्यांना दिल्या. पंगतीतून फिरून वाटल्या त्या शिष्यांनी. “माझा देव तुमची सर्व गरज पुरवील” हे प्रेषित पौलाचं वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण कितीदा पाहिलेलं असतं. ते फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि ते एका पोचपावतीला जोडून आलं आहे. पौल तुरुंगात होता. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती. ती घेऊन आलेला एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला. पौल लिहितो, मला सगळं पोचलं. आणि त्यासाठी जो ग्रीक शब्द वापरतो तो त्या काळी पावतीवर ‘भरून पावलो’ या अर्थानं लिहीत. पावतीनंतरच्याच ओळीत हे वचन आहे. ज्यांनी स्वतः गरिबीतून दिलं त्यांना ते लिहिलेलं आहे, हे कॅलेंडरवर दिसत नाही.

धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२९ मध्ये साध्या माणसांसाठी प्रश्नोत्तरांची लहानशी पुस्तिका लिहिली. ‘रोजची भाकर’ म्हणजे काय, या प्रश्नाला त्यानं दिलेल्या उत्तरात अन्न, वस्त्र, घर आहेच. शिवाय चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारीसुद्धा आहेत. शेजारी हा भाकरीचा भाग आहे, हे मला फार खरं वाटतं. एकानं पाठवलेलं पार्सल दुसरा माणूस दाराशी आणून देतो. आणणाऱ्यानं पाठवलं नाही, हे खरं. पण तो वाटेत थांबला तर पार्सलही थांबतं.

जॉर्ज म्यूलरचं उदाहरण आपल्या उपदेशांत वारंवार येतं. १८३६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात त्यानं अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, असा त्याचा नेम होता. १८९८ मध्ये तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुलं त्या घरांत वाढली. ही साक्ष थक्क करणारी आहे. पण तिच्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. त्याला मिळालेला प्रत्येक पैसा कोणाच्या तरी खिशातून आला. म्यूलरनं प्रार्थना केली आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी आपला हात मोकळा केला. त्या हजारो देणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

याकोब आपल्या पत्रात याबद्दल फार स्पष्ट बोलतो. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही म्हणालात, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर खा. पण हातानं काही दिलं नाही, तर उपयोग काय? दारातल्या त्या ‘देव पुरवील’बद्दल त्यानं जणू आधीच लिहून ठेवलं आहे. हे वाक्य मी स्वतःच्या अडचणीत म्हटलं तर तो भरवसा आहे. दुसऱ्याच्या अडचणीत म्हटलं तर मी एक जबाबदारी उचलली आहे.

आमच्या घरात एकदा काही महिने पगार बंद होता. पुष्कळ जण येऊन प्रार्थना करून गेले आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. पण मंडळीतल्या एका वयस्क ताईंनी वेगळाच प्रश्न विचारला: “मुलांची फी भरायची शेवटची तारीख कोणती?” त्यांनी सगळी फी भरली नाही, तेवढं त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी अजून दोघांना सांगितलं आणि तारखेच्या आधी तिघं मिळून आले. देव बघतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तारीख विचारली होती.

मग हात जोडून बसायचं का?

नाही. येशू आकाशातली पाखरं दाखवतो, पण पाखरंही घरट्यात चोच उघडून बसत नाहीत. पहाटेच उडून जातात. पौल तंबू शिवायचा. मिसरचा कारभार पाहणाऱ्या योसेफानं सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला आणि तो साठाच पुढे अनेक देशांना तारून गेला. तेव्हा बचत करणं, विमा उतरवणं, नोकरीसाठी दहा ठिकाणी अर्ज करणं, डॉक्टरकडे जाणं, यांतलं काहीही अविश्वासाचं नाही. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि स्तोत्र ९१ मधलं वचन सांगूनच म्हणतो, उडी टाक, देवदूत झेलतील. येशू नकार देतो, कारण ती देवाची परीक्षा पाहणं ठरलं असतं. औषध बंद करून ‘देव बघेल’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग मान्ना साठवला तेव्हा किडे पडले आणि योसेफानं साठवलं ते मात्र योग्य, हे कसं? योसेफाचं धान्य शेवटी भुकेल्यांच्या पोटात गेलं. लूकच्या १२व्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी मोठी कोठारं बांधतो आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो, आता आराम कर. त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसरा माणूसच नाही.

माझा विश्वास कमी पडला का?

अडचणीतल्या माणसाला सगळ्यात जास्त जखम करणारा प्रश्न हाच. काही ठिकाणी तर तसं उघड शिकवलं जातं: विश्वास पुरेसा असेल तर पैसा आणि आरोग्य मिळायलाच हवं, मिळालं नाही तर दोष तुमचा. याला समृद्धीची शिकवण म्हणतात. मी ती चुकीची मानतो आणि तिचे बळी मी पाहिले आहेत.

मान्ना कोणावर पडला ते पाहा. कुरकुर करणाऱ्यांवर. ‘मिसरमध्ये मांसाच्या हंड्यांजवळ बसून मेलो असतो तर बरं झालं असतं’ असं म्हणणाऱ्यांच्या अंगणात दुसऱ्या सकाळी देवानं भाकर पसरली. त्यांच्या विश्वासाचं वजन करून मग दिली नाही. एलीया एकदा खचून झुडपाखाली पडला आणि म्हणाला, माझा प्राण घे. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूतानं त्याला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं, आणि परत खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती.

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही हेच केलं होतं: तुझं नुकसान झालंय, म्हणजे तुझंच काहीतरी चुकलंय. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि सांगतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

सारफथच्या विधवेबद्दल इथंच बोललं पाहिजे. ‘तिनं शेवटची मूठ आधी संदेष्ट्याला दिली, तसं तुम्हीही आधी आमच्या सेवेला द्या, मग देव तुमचं मडकं भरील’ असा उपदेश कंगाल माणसांना केला जातो. १ राजे १७ पुढे काय म्हणतं? ती, तो आणि तिचं घराणं पुष्कळ दिवस जेवत राहिले. एलीया तिची भाकर घेऊन दुसरीकडे राहायला गेला नाही. त्याच मडक्यातलं पीठ तोही खात होता. मडकं रिकामं झालं असतं तर तोही उपाशी राहिला असता. जो तुमची शेवटची मूठ मागतो, तो तुमच्या मडक्यातून जेवायला तयार आहे का, हे जरूर विचारा.

आणि आलंच नाही तर?

इथं कोणीही घाईनं उत्तर देऊ नये, असं मला वाटतं.

स्तोत्र ३७ मध्ये म्हातारा झालेला कवी म्हणतो, नीतिमान टाकून दिलेला किंवा त्याची मुलं भीक मागताना मी पाहिली नाहीत. त्याच शास्त्रात येशू लाजराची गोष्ट सांगतो. श्रीमंताच्या दाराशी पडलेला, फोडांनी भरलेला, टेबलावरून पडलेल्या तुकड्यांवर पोट भरावं अशी आशा करणारा तो तिथंच मरतो, आणि देवदूत त्याला अब्राहामाच्या उराशी नेऊन ठेवतात. इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांची यादी आहे. त्यांच्यातल्या काहींनी राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली. आणि काही मेंढरांची कातडी पांघरून, कंगाल होऊन फिरले. दोघांनाही एकच प्रमाणपत्र मिळतं. पौल स्वतः लिहितो की त्यानं भूक, तहान, थंडी आणि उघडेपण सोसलं. “माझा देव पुरवील” लिहिणारा हात हाच. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात तो विचारतो, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण विभक्त करील? आणि यादी देतो: क्लेश, छळ, दुष्काळ, उघडेपणा, तलवार. विश्वासणाऱ्यांवर दुष्काळ येणारच नाही, असं त्याला वाटत असतं तर ते शब्द त्या यादीत आलेच नसते.

काही वेळा पुरवठा न होण्याचं कारण शोधायला स्वर्गाकडे बघावं लागत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या. अन्न होतं, वाटणाऱ्यांचं लक्ष नव्हतं. प्रेषितांनी त्या विधवांना ‘भरवसा ठेवा’ असं सांगितलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटप नीट केलं. जगातल्या पुष्कळ भुकेमागे अशीच कोणाची तरी नजर चुकलेली असते, किंवा जाणूनबुजून फिरवलेली असते.

पण सगळं दुःख असं समजावून सांगता येत नाही. चांगली माणसं, प्रार्थना करणारी माणसं, ज्यांच्यासाठी शेजाऱ्यांनीही सगळं केलं अशी माणसं हरतात, आजारातून उठत नाहीत. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः मागितलं होतं, हा प्याला टळून जावो. तो टळला नाही. ख्रिस्ती भरवशाच्या केंद्रस्थानी ही न मिळालेली मागणी आहे, हे विसरलं की ‘देव पुरवील’ हे वाक्य पोकळ होतं. ख्रिस्ती माणूस तिसऱ्या दिवसाच्या, पुनरुत्थानाच्या सकाळवर आशा ठेवतो आणि मीही ठेवतो. तरी ज्याच्या घरात आज क्रुसाचा शुक्रवार आहे त्याला रविवार सांगण्याची घाई करू नये. आधी त्याच्याजवळ बसावं.

हबक्कूक संदेष्ट्यानं सुरुवात केली ती तक्रारीनं: परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू? शेवटी तो एकेक गोष्ट मोजतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. सहा नकार. त्यानंतर तो म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. त्यानं एकही नकार लपवला नाही, मोजून मांडला, आणि मग ‘तरी’ म्हटलं.

काळजी वाटणं पाप आहे का?

“उद्याची चिंता करू नका” हे येशूचं वाक्य आपण कधी कधी दटावणीच्या सुरात म्हणतो. मत्तयाचा सहावा अध्याय सलग वाचला तर तसा सूर येत नाही. तिथं तो कारण देतो: तुम्हाला याची गरज आहे हे तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे. शिवाय तो मान्य करतो की आजच्या दिवसाला त्याचं स्वतःचं दुःख आहेच. उद्याचं दुःख आज ओढून आणू नका, एवढंच त्याचं म्हणणं. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. १३व्या स्तोत्रात ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. ज्या प्रार्थनापुस्तकात रडणं इतकं आहे, त्याचा देव रडणाऱ्यावर चिडत नसावा.

रात्री झोप येत नसेल तर मी एक साधी गोष्ट करतो. कागदावर फक्त उद्या लागणाऱ्या गोष्टी लिहितो. महिन्याच्या नाही, वर्षाच्या नाही. त्यातली जी स्वतःला करता येईल तिच्यापुढे खूण. जी कोणाला तरी सांगावी लागेल तिच्यापुढे त्या माणसाचं नाव. उरतात त्यांवर हात ठेवून प्रभूची प्रार्थना म्हणतो. दुसरी खूण सगळ्यात अवघड असते, कारण मागायला लाज वाटते. पण ‘आमची भाकर’ असं म्हणताना मी मागणाऱ्यांतही आहे आणि देणाऱ्यांतही. नेहमी देणाऱ्यांतच राहायचा हट्ट केला तर कोणाचा तरी मोकळा झालेला हात मी परत पाठवतो.

रूथनं घरी काय आणलं

नामी बेथलेहेमला परत आली तेव्हा नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून आली होती. गावातल्या बायकांना ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मी भरलेली गेले होते, परमेश्वरानं मला रिकामी आणलं. ‘मारा’ म्हणजे कडू. शास्त्रानं तिचं हे बोलणं खोडलेलं नाही.

तिची सून रूथ, परदेशी आणि विधवा, शेतात सरवा वेचायला जाते. पीक कापताना शेताचे कोपरे सोडायचे आणि पडलेली कणसं गरिबांसाठी राहू द्यायची, हा लेवीयातला नियम. म्हणजे हा पुरवठा कायद्यातच लिहिलेला होता. कोणीतरी तो पाळणं तेवढं बाकी होतं. शेताचा मालक बवाज तो पाळतो आणि त्याहूनही जास्त करतो: तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका, असं गड्यांना सांगतो. संध्याकाळी रूथ झोडपून मोजते तर एफाभर सातू भरतो. निर्गमातला हिशेब आठवा: ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, एका माणसाचं एका दिवसाचं माप. दोन विधवांना पाच दिवस पुरेल एवढं ते होतं. दुपारच्या जेवणातला उरलेला हुरडाही रूथनं सासूसाठी बांधून आणला होता.

नामी ते सगळं पाहते आणि विचारते, आज तू कुठं वेचलंस? ज्यानं तुझ्याकडे पाहिलं, त्याचं कल्याण होवो.